तेजलचं पहिलं वाक्य

वैजयंताला दुपारची झोप अशी लागतच नाही, पण आज लाइट गेलीय. गल्लीतले सगळे यंत्रमाग बंद पडलेत, आणि इचलकरंजीत माग थांबले की माणसाला कसंतरीच होतं. चार वर्षांची तेजल शेजारी बसून चिंचोके मांडतेय. आजीच्या लुगड्याचा काठ एकदाच बघितला होता पोरीनं, तो फरशीवर जसाच्या तसा उठवलाय. एक कोयरी चुकलेली नाही. तोंडातून मात्र अक्षर नाही. बघता बघता वैजयंताचे डोळे जडावतात.

आणि स्वयंपाकघरात प्रल्हाद उभा. तिचा नवरा. माग दुरुस्त करायचा, पावसाळ्यात छातीत कळ आली आणि गेला. आत्ता ओट्याच्या जागी माग आहे, आणि हा त्यात खांद्यापर्यंत हात घालून खटपट करतोय.

"अहो, जेवलात का?" ती विचारते. गेलेल्या माणसाला काय विचारावं, ते तरी कुणाला सुचतं!

"जेवण ऱ्हाऊ दे. पोरगी बोलली का?"

रोज कामावरून आला की दारातच हे विचारायचा. पोरगी बोलावी म्हणून सासूबाईंनी राघूनं टोचलेला पेरू चारला, देवळातल्या घंटेतलं पाणी पाजलं, जिभेला वेखंड लावलं. गल्ली म्हणायची, मुकी आहे. हा एकटाच म्हणायचा, "मुकी कसली? विचार करतीय ती. बोलाय लागली की तुम्हा सगळ्यांना गप करील."

"बोलली," वैजयंता म्हणते. "तुमच्या तेराव्याला."

प्रल्हाद तोंडभर हसतो. "'आई' म्हणाली?"

"न्हाई. एकदम पुरं वाक्यच बोलली."

"बघ! कच्चं काम चालतच न्हाई माझ्या लेकीला." तो तेलानं काळे झालेले हात मागातून बाहेर काढतो. "सांग की, काय बोलली?"

वैजयंता मान खाली घालते, तर पायाखाली पाणी. माग नाही, ओटा नाही. दोघं नदीच्या घाटावर शेवटच्या पायरीला उभी आहेत. इथूनच त्याच्या अस्थी सोडल्या होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? पोरीचा आवाज ऐकायला हा जीव टाकायचा, आणि नशीब तरी बघा मेलं!

"'बाबा कुठं गेले?' म्हणाली."

प्रल्हाद तिच्याकडं वळतो.

"मग? तू काय सांगितलंस?"

"भिवंडीला गेलेत म्हटलं. कामाला. दिवाळीला येतील." तिला हुंदका आवरत नाही. "तवापासनं तोंड उघडलं न्हाई हो तिनं. उशिरा का होईना, बोलाय लागलं होतं लेकरू. मी गप केलं त्याला."

तो रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"वैजू, जी पोरगी एका नजरेत काठ उचलती, तिला काय फसवतीस? खरं सांग."

"तुम्हीच सांगा. एकदा घरी चला ना!"

"येता येत असतं तर आलो नसतो का गं?" म्हणत तो तिचं मनगट गच्च धरतो. कुणी त्याला ओढून नेत असल्यासारखं धरतो. पाणी गुडघ्याला लागतं, आणि कुठून तरी माग सुरू होतात. एक, मग दुसरा, मग सगळी गल्ली.

वैजयंता दचकून उठते. लाइट आलीय. तोंड घामानं आणि आसवांनी ओलं झालंय. उजव्या मनगटावर मागाच्या तेलाची काळीभोर चार बोटं उमटलीत. तेजल सरकत सरकत जवळ येते आणि मनगटाला नाक लावून वास घेते. एकदा, मग पुन्हा.

वैजयंता तिला मांडीवर घेते. आता मागं फिरायचं नाही.

"तेजू, बाबा भिवंडीला न्हाई गेले. बाबा वारले, बाळा. ते आता यायचे न्हाईत."

तेजल आईच्या तोंडाकडं बघते.

"मला माहितीय," ती म्हणते. शब्द स्वच्छ, एक अक्षर अडखळत नाही. "परत विचारलं असतं तर तू रडली असतीस."

आणि ते काळं मनगट ती दोन्ही हातांनी धरते. इवल्या मुठींत मावत नाही, तरी धरून बसते.