बादलीतला गणपती

ओल्या शाडूचा वास आला की मला अजून जपानमधल्या ग्योतोकुच्या आमच्या घराची बाल्कनी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नदीवर गेलो तर कुणीतरी तक्रार करेल, म्हणून पुण्याहून आणलेला गणपती आम्ही बाल्कनीतल्या बादलीतच विसर्जित केला होता.

शेजारच्या सातोसान मला जपानी शिकवायला यायच्या, पण पुस्तक नेमकं बायबलच्या गोष्टींचं. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यात सोन्याच्या वासराची गोष्ट निघाली. लोकांनी ते घडवून पुजलं, तेव्हा त्यांचा पुढारी मोशे याने संतापून त्याचा भुगा केला आणि पाण्यात कालवून त्यांनाच पाजला.

"आपणच घडवलेल्या वस्तूपुढे वाकू नये," सातोसान म्हणाल्या. ही बाई माझ्या देव्हाऱ्यावर टपलीय, याची मला खात्रीच पटली.

मग त्यांना बादली दिसली. "देव तुम्ही स्वतःच विरघळवता?"

"दरवर्षी. पाणी झाडांना घालतो."

जाताना त्या पेलाभर गढूळ पाणी मागून घेऊन गेल्या. नक्की सिंकमध्ये ओतणार! आता हसू येतं, पण तेव्हा मी दोन बाल्कन्यांमधल्या फटीला डोळा लावून उभी राहिले.

सातोसाननी ते पाणी फुलझाडाच्या कुंडीत ओतलं. मग कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली आणि कुंडीपुढे हळूच वाकल्या.