सत्तेचाळीस मीटरचं मैदान

पेनल्टी बॉक्सच्या रेषेपासून बाहेरच्या दिशेनं मी पावलं मोजली. चार झाली आणि पाचव्याला बुटाखाली चुना आला. टचलाइन. परत गेलो, परत मोजली. चारच. या जागी सोळा हवी होती.

सुरतेत कापड आटतं हे लहानपणापासून पाहत आलो होतो. मैदान आटलेलं पहिल्यांदा पाहत होतो.

मी विंगर होतो. फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगतो. मैदानाच्या दोन लांब कडांना टचलाइन म्हणतात, आणि त्या कडेला धरून जो पळतो तो विंगर. माझी कड उजवी. काम एकच. समोरच्या बॅकला, म्हणजे अडवायला उभ्या असलेल्या खेळाडूला, मागे टाकायचं आणि कोपऱ्याजवळून बॉल उचलून गोलच्या तोंडाशी द्यायचा. याला क्रॉस म्हणतात. पुढे डोकं लावतो तो सेंटर फॉरवर्ड. गोल त्याच्या नावावर, खांद्यावर मिरवणूकही त्याचीच. विंगरला हवी असते ती फक्त कडेची मोकळी जागा. ती त्या दिवशी चार पावलं होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमची पांडेसऱ्याची डाइंग-प्रिंटिंगची मिल आणि कडोदऱ्याची एक मिल, यांची सेमीफायनल होती. मैदान त्यांचं. सीझनच्या सुरुवातीला याच मैदानावर आम्ही त्यांना तीन-शून्यनं धुतलं होतं. तिन्ही गोल आमच्या प्रधानच्या डोक्यानं झाले. प्रधान ओडिशाचा, उंच, बोलायला कंजूष. तिन्ही क्रॉस माझे. त्यांचा लेफ्ट बॅक त्या दिवशी शेवटपर्यंत माझी पाठच बघत होता. यात बढाई नाही. असली तरी खोटी नाही.

आता जुन्या टचलाइनच्या आत, नव्या चुन्यापासून दोन पावलांवर लाल खुर्च्या मांडल्या होत्या. दोन्ही बाजूंना, दोन-दोन रांगा. त्यांच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीला मी विचारलं, हे काय?

"मेहमान आने वाले हैं भाई. खुर्सी तो लगानी पडेगी ना?"

"दोन्ही बाजूंनी मेहमान?"

"बडा मॅच है," तो म्हणाला आणि पान थुंकायला निघून गेला.

माझं डोकं का फिरलं ते सांगायला हवं. मी मिलमध्ये टेम्पररी होतो. खेळाडू म्हणून भरती, सकाळी फोल्डिंग खात्यात काम, दुपारी प्रॅक्टिस. कायम करायचं की नाही हे सीझन संपल्यावर ठरणार होतं आणि ठरवणार होते पर्सोनेलचे देसाईसाहेब. साहेबांना फुटबॉलमधला फक्त स्कोअर कळायचा. आठवड्यापूर्वी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कितने गोल मारे?"

"एकही नाही, साहेब."

"पूरे सीझन में?"

"मी क्रॉस देतो, साहेब. गोल प्रधान करतो."

"तो पछी तू करे छे शुं?"

मग मी करतो काय, ते मी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "फाइल मेरे पास है. सेमीफायनल देखते हैं." कायम झालो नसतो तर बमरोलीत वडिलांच्या शेजारी लूमवर उभं राहायचं होतं, रोज बारा तास. वडिलांनी ते वीस वर्षं केलं होतं आणि त्यांना एका कानानं ऐकू येणं बंद झालं होतं.

म्हणून मी धावत नथूभाऊंकडे गेलो. नथूभाऊ आमचे कॅप्टन आणि फोल्डिंग खात्याचे मास्तर. अमळनेरकडचे, म्हणजे आमचेच, त्यामुळे आमचं बोलणं अहिराणीत चालायचं.

"भाऊ, मैदान धाकलं कयं त्यासनी!"

नथूभाऊंनी एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मांडवाची सुटी दोरी उचलली. तिचं एक टोक मला एका टचलाइनवर धरायला लावलं आणि हातावर हात टाकत पलीकडे गेले. जन्मभर कापड मोजलेला माणूस, हाताला मीटर बसलेला. पलीकडून ओरडले, "सत्तेचाळीस!"

रेफ्रीला पटेना. त्यानं मिलच्या स्टोअरमधून टेप मागवला. टेपनं सत्तेचाळीस मीटर आणि वर चार बोटं भरली. नेहमी हे मैदान चौसष्टचं असायचं. रेफ्रीनं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि बंद केलं.

"पिस्तालीसथी उपर छे. चाले."

पंचेचाळीसच्या वर, म्हणजे नियमात बसत होतं. तक्रार संपली. मी शिव्या घालत होतो, पण नथूभाऊ गालात हसत होते.

"हासी काय ऱ्हायनात, भाऊ?"

"तुनाकरता कयं रे त्यासनी," ते म्हणाले. "मनाकरता कोनी खुर्ची बी हालाडी नही कधी."

तुझ्यासाठी केलं, माझ्यासाठी कुणी खुर्चीही हलवली नाही, हे त्या वेळी मला मुळीच गोड लागलं नाही.

पहिला हाफ मी अक्षरशः फुकट घालवला. बॉल मिळाला की एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला त्यांचे दोन-दोन बॅक. पळायला जागाच नाही. एकदा जोर लावून निघालो तो थेट खुर्च्यांत जाऊन पडलो. खुर्च्या बहुतेक रिकाम्याच होत्या. मेहमान काही आले नव्हते. प्रेक्षक म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले लूमचे कामगार, ते मात्र मनापासून हसले. आणि तो लेफ्ट बॅक! बॉल जवळ आला की सरळ बाहेर. टचलाइन इतकी जवळ की पायाचं नुसतं बोट लावलं तरी बॉल आउट. मग आम्हाला थ्रो-इन. परत आउट, परत थ्रो-इन. हाफ टाइमला स्कोअर शून्य-शून्य, आणि माझ्या खात्यात थ्रो-इन सोडून काही नव्हतं.

लिंबू-पाणी पिताना मी नथूभाऊंना म्हणालो, "माले बदला. मना आज काही उपेग नही."

"थ्रो कितला फेकात?"

"पंधरा-वीस व्हतीन."

"कितला लांब फेकास तू?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. थ्रो-इनचा नियम असा की बॉल दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, डोक्यावरून फेकायचा. फोल्डिंग खात्यात वर्षभर मी दुसरं काय करत होतो? ताका म्हणजे घडी घातलेल्या कापडाचा अख्खा गठ्ठा. तो दोन्ही हातांनी उचलून डोक्यावरून वरच्या फळीवर फेकायचा, असे रोज शेकड्यानं. मला त्या कामाची लाज वाटायची. फुटबॉलरला हमाली लावली म्हणून मी घरी कुरकुर करायचो.

आणि मैदान सत्तेचाळीसचं. चौसष्टच्या मैदानात टचलाइनपासून गोलचा खांब लांब असतो, तिथवर हातानं बॉल पोचत नाही. इथे तो वीस मीटरवर आला होता. त्यांनी माझी वाट बंद करताना गोल स्वतःच्या हातानं माझ्याजवळ सरकवून ठेवला होता.

"आते पाय ऱ्हाऊ दे," नथूभाऊ उठता उठता म्हणाले, "हात चालाड."

दुसऱ्या हाफचा पहिला थ्रो. मी दोन पावलं मागे गेलो, खुर्चीला टेकलो आणि ताका फेकावा तसा बॉल फेकला. तो जवळच्या खांबापाशी उतरला. त्यांच्या गोलकीपरनं कसाबसा मुठीनं उडवला. भिंतीवरचं हसणं थांबलं.

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक थ्रो म्हणजे हातानं मारलेला कॉर्नर. लेफ्ट बॅकची पंचाईत झाली. बॉल बाहेर घालवला तर मी फेकणार, आत ठेवला तर मी हिसकावणार. शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. बॉल त्याच्या पायाशी, मी अंगावर गेलो. तो क्षणभर थबकला, मग सवयीनं बाहेर मारला आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. मी फेकला. प्रधाननं गर्दीतून नुसती मान वळवली. बॉल त्याच्या डोक्याला घासून आत गेला.

त्यांचा कॅप्टन धावत रेफ्रीकडे गेला. "ऑफसाइड! ऑफसाइड!" ऑफसाइड म्हणजे बॉल यायच्या आधीच समोरच्यांच्या बॅकच्या मागे जाऊन उभं राहायची मनाई. पण थ्रो-इनला ऑफसाइड लागतच नाही. रेफ्रीनं पुन्हा तेच पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, बंद केलं. "चाले," तो म्हणाला.

एक-शून्य. मैदानातून बाहेर पडताना माझे खांदे भरून आले होते आणि छातीही. तेव्हा कुठे नथूभाऊंचं बोलणं आत उतरलं. एका माणसाला अडवायला अख्ख्या मिलनं चुना, माणसं आणि चार रांगा खुर्च्या कामाला लावल्या होत्या. असा मान मला आयुष्यात कुठल्या मेडलनं दिला नाही. घरी सांगितलं तर वडील बऱ्या कानानं ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुनाकरता? मंग तू मोठा माणूस शेस." त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

फायनल आम्ही दोन-एकनं हरलो. मैदान पूर्ण रुंद होतं आणि समोरची टीम आमच्याहून चांगली होती, दुसरं कारण नाही.

दोन दिवसांनी देसाईसाहेबांनी बोलावलं. नथूभाऊ न बोलावता सोबत आले.

"कितने गोल?"

"शून्यच, साहेब."

"और सेमीफायनलवाला?"

"तो प्रधानचा. मी थ्रो दिला, हातानं."

साहेबांनी चष्मा काढला. फुटबॉलमध्ये हातानं काम केलेल्या विंगरचं काय करावं, हे त्यांना समजत नसावं. तेवढ्यात नथूभाऊंनी सगळं सांगितलं, चौसष्टचं मैदान, सत्तेचाळीसचं मैदान, लाल खुर्च्या. साहेब ऐकता ऐकता पुढे वाकले. फुटबॉल कळत नसला तरी मिलवाला कळत होता. सामनेवाला आपल्या माणसांना विनाकारण कामाला लावत नाही.

"आना माटे?" माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, याच्यासाठी?

"आना माटे," नथूभाऊ म्हणाले.

साहेबांनी फाइल ओढली. "जेना माटे सामेवाळो पोतानुं मैदान कापे, एने हुं काढुं तो शेठ मने काढे." ज्याच्यासाठी समोरचा स्वतःचं मैदान कापतो त्याला काढलं तर शेठ साहेबांनाच काढेल, असं म्हणत त्यांनी मला कायम करायच्या कागदावर सही केली.

पुढे मी त्या मिलकडून बरीच वर्षं खेळलो. गोल फार थोडे केले, क्रॉस पुष्कळ दिले. पुष्कळ साहेब पाहिले, चांगलेही होते. पण आपण कामाचे आहोत की नाही, हे आपल्या साहेबाला सगळ्यात शेवटी कळतं. समोरच्या टीमला ते आधीच कळलेलं असतं. शंका आली तर तिकडे बघावं.