भाजीचं पाणी

पाथरीहून परभणीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसायची. डायलिसिसला न्यायच्या नवऱ्याला आधी खिडकीशी बसवायची, त्याच्या गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करायची. मांडीवर भाकरीचा डबा. त्यात करडईची भाजी, चोथ्यासारखी कोरडी.

"भाजीच्या पाण्यानं रक्त साफ व्हतंय म्हणून जन्मभर पाजलं यांना," ती एकदा म्हणाली. "आता डॉक्टर म्हणतेत, उकडून पाणी फेका, यांच्या किडनीला सोसत न्हाई. मला फेकवंना. मीच पिते."

परवा ती एकटीच चढली. "दवाखान्यातून त्यांचे शेवटचे कागद आणायचेत," एवढंच बोलली. खिडकीची जागा मोकळी ठेवून बसली. मग डबा उघडून माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर भाजी वाढली.

पाणी काढलेलं नव्हतं. भाकरी हळूहळू भिजत गेली.