अक्षर न ओळखता लावलेली कादंबरी

चमत्काराच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण विश्वास शून्य. अमरावतीच्या एका वाचनालयात तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे, पुराव्याशिवाय आमचं पान हलत नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोचच वाटतोय...

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका वकीलसाहेबांनी त्यांच्या खापरपणजोबांचे कागद आम्हाला द्यायचं ठरवलं. हे खापरपणजोबा शाळामास्तर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत त्यांनी मोडी लिपीत एक कादंबरी लिहिली. ती कधी छापलीच गेली नाही. दानपत्र झालं, ट्रंक आली. पत्रं आणि टिपणवह्या ज्या क्रमाने बांधल्या होत्या, त्याच क्रमाने फोल्डरमध्ये ठेवल्या — तो आमचा पहिला नियम. कादंबरीचा दोरा मात्र उंदरांनी खाल्लेला. सव्वाशेएक सुटी पानं, एकावरही आकडा नाही!

वाचनालयाची समिती म्हणाली, "आठवड्यात क्रम लागला नाही, तर 'सुटे कागद' अशी नोंद करा."

वकीलसाहेब भडकले. "मग परत द्या! आमच्या माणसानं काय रद्दी लिहिली?"

मोडी वाचणारे आमचे खंडारे सर एकटेच. सगळं वाचून क्रम लावायला त्यांना किमान दोन महिने हवे होते.

सोमवारी सकाळी अकराला वकीलसाहेबांच्या काकू, अनसूयाबाई, चांदूर बाजारहून एसटीने आल्या. वय ऐंशीच्या घरात, सगळा जन्म शेतात गेलेला. "घरच्या माणसाले पोचवाले आली," ट्रंकेकडे बघत म्हणाल्या. मी पानं दाखवली.

"वाचता येतं का, काकू?"

"नाही वं बाई. शाळेचं तोंड नाही पाह्यलं मी."

त्यांनी एक पान हातात घेतलं, क्षणभर तसंच धरलं. मग सतरंजीवर बसल्या. "हे पयलं नोहे. पयलं हे." आणि लावतच सुटल्या... "इथं बाई रुसून माहेरी गेली. आता बैल जुपले, कापसाच्या बंड्या निघाल्या. हे घे, इथं नदी लागली..."

मी मुद्दाम एक पान उलटं दिलं. त्यांनी न बघता सरळ केलं.

"ही गोष्ट कोणी सांगितली होती का तुम्हाला?"

"नाही. कागद हातात घेतला का समजून राह्यलं. काहून, ते मले इचारू नोको."

एका ठिकाणी त्यांनी वीतभर जागा मोकळी सोडली. "इथला कागद नाही."

दुपारी खंडारे सर आले आणि पहिल्या पानापासून फक्त पानांचे सांधे वाचत गेले. प्रत्येक पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानावर बरोब्बर पूर्ण होत होतं. फक्त त्या मोकळ्या जागेपाशी ते अर्धवट तुटलं होतं. सरांनी चष्मा काढला आणि ते काकूंच्या पाया पडले.

ट्रंक तोवर कायम अकोल्यात, कुलपात. काकू चांदूर बाजारला. घरात मोडी कोणालाच येत नाही, वकीलसाहेबांना स्वतःला कथा माहीत नव्हती. सगळ्यांना विचारून झालं.

पण कादंबरीची नोंद कादंबरी म्हणूनच झाली! आमच्या नोंदीच्या अर्जात 'क्रम लावणारी व्यक्ती' असा रकाना असतो. तिथे आजवर डॉक्टरेटवाल्यांचीच नावं होती. समितीतले एकजण कुरकुरले, "शिक्षण काय लिहायचं?"

"रिकामं ठेवा," मी म्हणाले, आणि ठळक अक्षरात अनसूयाबाईंचं नाव लिहिलं.

काकूंनी खाली अंगठा उठवला. शाई पुसायला मी रुमाल पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे वं. घरी दाखवतो सगळ्यायले."