फोटोतलं नाक

माझी डावी नाकपुडी लहानपणापासून बंद होती. झोपेत तोंड उघडं राहायचं, जिना चढताना धाप लागायची आणि सर्दी झाली की आठवडा वाया. हे आतलं दुखणं कोणाला दिसत नव्हतं. लोकांना दिसायचं ते बाहेरचं: मधोमध उंचवटा आणि खाली वाकलेलं टोक. शाळेत मला राघू म्हणायचे. आमच्या घराण्याचंच नाक ते. आजोबांना होतं, वडिलांना आहे. पुरुषांच्या चेहऱ्यावर ते खपून जातं, मिशीच्या जोडीला रुबाबदारही म्हणतात. बायकांमध्ये ते दोघींच्याच वाट्याला आलं, आत्याच्या आणि माझ्या.

आत्या लग्नानंतर दोन वर्षांत मेहकरला परत आली आणि आमच्याकडेच राहिली. पुढच्या खोलीत मशीन टाकून ती ब्लाउज शिवते. ती परत का आली हे घरात कोणी बोलत नसे, मीही कधी विचारलं नाही. मी शाळेतून रडत आले की ती मशीन थांबवायची, मला आरशापुढे उभं करायची आणि स्वतःचा चेहरा माझ्या चेहऱ्याला चिकटवायची.

"पाह्य बरं. याले म्हनतात नाक. त्या पोट्ट्याइच्या तोंडावर त बटनं हायेत."

मी हसायचे. तीही हसायची, हसताना पदर तोंडावर धरायची. चौदाव्या वर्षी सोनाराकडे नेऊन तिने माझं नाक टोचून आणलं आणि शिलाईच्या पैशातून मला मोत्यांची नथ केली. नथ चांगली ओठापर्यंत येणारी, भरगच्च. आई म्हणाली, एवढी मोठी कशाला? आत्या म्हणाली, "लहान नाकाले पेलत नाही अशी. आपल्याच नाकाले शोभते." त्यानंतर प्रत्येक लग्नात मी ती नथ घालून ताठ मानेने फिरले. आता आठवलं की माझीच मला कीव येते.

सव्विसाव्या वर्षी मी पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसत होते आणि घरात स्थळं पाहणं चालू होतं. बायोडाटासाठी स्टुडिओत फोटो काढला. हिरवी पैठणी, अर्थातच ती नथ. फोटो पोचवायचं काम आत्याने अंगावर घेतलं. वडनेर भोलजीकडचं एक स्थळ पुढे सरकलं, फोटो पसंत पडला, सोयाबीनची कामं उरकली की पाहायला येतो म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, खोटं कशाला सांगू. एका फोटोवर मी कोणाला पसंत पडायची ही पहिलीच वेळ होती.

त्याच दिवसांत श्वासाने माझ्या नाकी नऊ आणले. अकोल्याला नाकाची डॉक्टर आहे, बाहेरचं आणि आतलं दोन्ही करते, असं कळलं. आत्या म्हणाली, मी येते संगं. मशीन बंद ठेवून ती माझ्यासोबत एसटीत बसली तेव्हा मला बरं वाटलं. खिडकीची जागा तिने मलाच दिली.

डॉक्टर माझ्याच वयाच्या आसपासची असेल. तिने बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं आणि कागदावर चित्र काढून सांगितलं. दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे वाकलाय. तो सरळ करायचं ऑपरेशन आतूनच होतं, बाहेरून नाक जसंच्या तसं राहतं.

"अन् वरचं?" आत्याने विचारलं.

मला वाटलं, हिला समजलं नाही. डॉक्टरने मात्र शांतपणे उत्तर दिलं. आकार बदलायचा तर ते वेगळं ऑपरेशन. उंचवट्याचं हाड आणि कूर्चा कमी करायची, टोक उचलायचं, वरून आठवडाभर पट्टी. डोळ्यांखाली काळंनिळं होतं. मोठी सूज काही आठवड्यांत उतरते, पण नाक खरं कसं दिसणार ते कळायला वर्ष जातं.

"वर्ष?" आत्या खुर्चीत पुढे सरकली. "सुई मारून होते म्हनतात ना? तासाभरात?"

ही सगळी चौकशी तिने कुठे करून ठेवली होती? डॉक्टर म्हणाली, होतं. उंचवट्याच्या वर आणि खाली एक जेल भरतात, त्यामुळे नाक सरळ वाटतं. पण नाक लहान होत नाही, उलट भर पडते. वर्ष-दीड वर्षात जेल विरतं, मग पुन्हा सुई. आणि ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जाऊ शकतो, म्हणून वाटेल त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. श्वासाला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

आत्याने पिशवीतून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. "असं पाह्यजे."

मी वाकून पाहिलं. हिरवी पैठणी माझी, डोळे माझे, नथ माझी. नाक दुसऱ्याच कोणाचं तरी, सरळ आणि नाजूक. ती मुलगी मला आवडली, हे आधी सांगून टाकते. मग लक्षात आलं. वडनेरकरांना पसंत पडली होती ती ही. आता माणसं दारात यायच्या आत माझं तोंड फोटोशी जुळवून ठेवायचं होतं.

डॉक्टरने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, श्वास.

परतीच्या एसटीत पातूर आलं तेव्हा मी तिच्याकडे वळले. मग विचारलं, "फोटो तूच बदलून घेतला?"

"हो. तुह्या बापाले माहीत हाय. आईले बी."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू बदलू देल्ला असता का?"

"तूच म्हनत होती ना, आपलं नाक म्हनजे नाक! बाकीच्याइची बटनं!"

आत्या खिडकीबाहेर पाहत होती. "रडत्या लेकराले काय सांगू मंग? हे नाक मले एक दिवस बी आवडलं नाही, बाप्पा. दोन वर्सं त्या घरात सासू-नवरा येताजाता पोपट म्हनत होते. एवढी मोठी नथ काऊन केली होती तुले? मान्साची नजर नथीवर जाते. नाकावर जात नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती सगळी लग्नं आली. मी ताठ मानेने फिरतेय, आणि ती मागून पाहतेय की झाकलं गेलंय ना नीट. तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण राग त्याच्या दुप्पट होता.

घरी आल्यावर मी वडिलांना म्हटलं, त्यांना खरा फोटो पाठवा. ते म्हणाले, पाठवतो. मी विश्वास ठेवला. पडद्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि काही दिवसांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही नाकपुड्यांनी हवा आत घेतली. ती थंड असते हे मला माहीतच नव्हतं.

महिनाभराने वडनेरहून पाच माणसं आली. आत्या नथीची डबी घेऊन स्वयंपाकघरात आली. मी नको म्हटलं. पोह्यांचा ट्रे ठेवून पाटावर बसले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइल काढून मांडीवर धरला, पुन्हा पाहिलं. तिथूनही मला हिरवी पैठणी दिसली आणि ते सरळ नाक दिसलं. वडिलांनी काहीच पाठवलं नव्हतं. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"फोटोत पोरगी जराशी येगळी दिसते," ती बाई म्हणाली.

मी आत्याकडे पाहिलं. अजूनही मला वाटत होतं की ही काहीतरी बोलेल, आरशापुढे बोलायची तसं.

आत्या बोललीच. "नाकाचं ऑपरेशन झालं ना तिचं. सूज हाय अजून. उतरन."

"सूज नाही," मी म्हटलं. "फोटो खोटा हाय. माह्यं नाक असंच हाय, आत्यासारखं. पाहून घ्या."

पाचही माणसांच्या माना आत्याकडे वळल्या. तिने पदर उचलला आणि नाकावर घट्ट धरला. हसत नव्हती, तरी धरला.

माणसं पोहे खाऊन गेली. कळवतो म्हणाली, कळवलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. आत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, ब्लाउजचं माप घेते, चहा देते. नथ डबीत आहे. श्वासही आता चांगला चालतो.

मला सुंदर म्हणणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याला मी कधीच सुंदर वाटले नव्हते.