लिंडनची गाडी खाली आली

पोर्ट पिरीच्या शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात लिंडन हॉस्किंगनं सत्तावीस वर्षं एकच काम केलं. काम कसं करू नये, हे दुसऱ्यांना सांगायचं. तो सुरक्षा अधिकारी होता. पाळी सुरू होण्याआधी माणसं गोळा करायची आणि म्हणायचं, घाई करू नका, आधी वाचा, मग हात लावा. त्या सत्तावीस वर्षांत त्यानं स्वतः पाना किती वेळा धरला, असं कुणी विचारलं तर तो बोटं मोजायला लागतो आणि अंगठ्यावरच थांबतो. हे सगळं तो बोलिंग क्लबात स्वतःच सांगतो. दुसऱ्यानं सांगितलं तर जास्त वाईट सांगेल, म्हणून.

निवृत्त झाला तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. बायको बारा वर्षांपूर्वीच वेगळी झालेली. घरात तो आणि त्याची सत्त्याऐंशी वर्षांची आई, मर्ल. दाराशी एक चंदेरी जपानी गाडी, जुनी, चार लाख एकतीस हजार किलोमीटर चाललेली. आईच्या दृष्टीचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं. दर सहा आठवड्यांनी डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला तिला ॲडलेडला न्यावं लागे, जायला अडीच तास. गाडीचे शॉकअप पार गेलेले. रस्त्यात खळगा आला की गाडी एकदा खाली जायची आणि मग चारदा मान हलवायची, जशी काही खळग्याचं म्हणणं पटलंय. वाटेतलं स्नोटाउन गाव येईस्तोवर आईच्या पोटात ढवळायला लागायचं. तिच्या मांडीवर एक आइसक्रीमचा रिकामा डबा कायम असायचा.

गावातल्या मेकॅनिकनं सांगितलं, साधे नवे शॉकअप टाकू, अर्ध्या दिवसात गाडी घेऊन जा. लिंडननं मान डोलावली, घरी आला आणि संगणकावर कॉइलओव्हर मागवले. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच बसवलेले, गाडीची उंची हवी तशी कमीजास्त करता येणारे, शर्यतवाले वापरतात तसले. का मागवले? तर एका व्हिडिओत दंडभर गोंदवलेला एक गडी ते बावीस मिनिटांत बसवत होता. मधे कॉफीसुद्धा प्यायला. आणि शेवटी त्याची गाडी अशी काही जमिनीलगत बसली होती की बघत राहावं. लिंडननं व्हिडिओ सहा वेळा पाहिला. आईला सांगितलं, "तुझ्या पोटासाठी करतोय." आई म्हणाली, "माझ्या पोटासाठी की तुझ्या पोटासाठी? गाडी खाली गेली म्हणून पोट आत जात नाही, लिन."

खोकं आलं. आत चार जांभळे, चकचकीत कॉइलओव्हर आणि एक माहितीपत्रक. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'आनंदाने पण सर्व शक्तीने घट्ट करावे.' लिंडनला ते पुरेसं वाटलं नाही. त्यानं स्वतःची चौतीस मुद्द्यांची यादी केली, छापली, प्लॅस्टिकमध्ये बंद करून शेडच्या खांबाला टांगली. शनिवारी सकाळी आपल्याच अंगणात दोन भगवे शंकू मांडले, रस्त्याचं काम चालू असताना मांडतात तसले.

कुंपणापलीकडे शेजारीण असुन्ता वांग्याच्या लोणच्याच्या बरण्या उन्हात पुसत होती. तिचा नवरा मासेमारी करायचा. तो आता गेला, पण होता तेव्हा त्याच्या बोटीचं इंजिन तीस वर्षं हिनंच चालतं ठेवलेलं. तिनं शंकूंकडे पाहिलं.

"लिंडन, विमान उतरणार आहे का?"

"सुरक्षेसाठी आहेत."

"बरं, बरं," म्हणाली आणि बरणी पुसायला लागली.

त्यानं गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले, पुढचं चाक काढायला पाना लावला. पाना फिरवला की चाकही फिरायचं. चाक हवेत असताना नट सुटत नाहीत, ते आधी, गाडी जमिनीवर असताना सैल करायचे असतात. यादीत चौथाच मुद्दा होता तो, जाड अक्षरात. लिंडननं कुंपणाकडे पाठ करून गाडी पुन्हा खाली घेतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

मग गंज. समुद्राकाठच्या गावात इतकी वर्षं चाललेली गाडी, तिचे बोल्ट आता बोल्ट राहिले नव्हते, लोखंडाचंच एक अंग झाले होते. त्यानं पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर लोंबकळला. काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. बोल्ट तुटला होता, आणि तो स्वतः जुन्या तेलाच्या परातीत बसला होता. असुन्तानं कुंपणावरून एक जुनी बाटली पुढे केली. आत रॉकेल आणि तेल होतं. ओत आणि मंगळवारपर्यंत हात लावू नकोस, म्हणाली. लिंडननं सांगितलं की आपल्याकडे त्यासाठीचा खास फवारा आहे. ती गेल्यावर त्यानं बाटली उचलली. मंगळवारी बोल्ट लोण्यासारखे निघाले, आणि ते तिला सांगावं लागू नये म्हणून तो दोन दिवस मागच्या दारानं येत-जात राहिला.

दुसऱ्या शनिवारी पुढचे दोन्ही बसले. लिंडन इतका खूश झाला की फोटो काढायला वाकला, आणि तेव्हा दिसलं की ब्रेकची नळी अडकवायचा आकडा भलत्याच बाजूला आहे. उजवा डावीकडे बसला होता आणि डावा उजवीकडे. कॉइलओव्हरवर 'आर' हे अक्षर बोटभर मोठं छापलेलं होतं. त्याला वाटलं होतं, ते कंपनीचं चिन्ह असेल. दोन्ही काढले, दोन्ही पुन्हा बसवले. आईनं खिडकीतून विचारलं, आज किती झाले? तो म्हणाला, चार. खोटं नव्हतं ते.

तिसऱ्या शनिवारी चारही जागेवर बसले. आता यादीतला शेवटचा मुद्दा राहिला होता: सर्व बोल्ट दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे. कारखान्यात या एका मुद्द्यावरून त्यानं माणसांना घरी पाठवलं होतं. तो कुंपणाशी गेला, खाकरला आणि म्हणाला, "असुन्ता, वेळ आहे का जरा?"

ती आपला पाना घेऊन आली. चष्मा लावून एकेक बोल्ट बघत गेली. दोन सैल निघाले. हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती हसली नाही. घट्ट केले आणि उठताना एवढंच म्हणाली, "तुझी आई बसणार आहे यात."

लिंडनला एकाएकी आपण फार लहान झाल्यासारखं वाटलं. सत्तावीस वर्षं हेच वाक्य आपण लोकांना लांबण लावून सांगत आलो, असं त्याला वाटलं.

गाडी जॅकवरून उतरवली. उतरली, आणि उतरतच गेली. व्हिडिओतल्यासारखी दिसावी म्हणून त्यानं उंची अगदी तळाला ठेवली होती. दिसायला झकास दिसत होती. त्यानं ती मागे घेत रस्त्यावर काढायला सुरुवात केली, आणि फुटपाथच्या उतारावर तिच्या पोटातून असा काही आवाज आला की समोरच्या घरातला कुत्रा आत पळाला. मागची चाकं रस्त्यावर, पुढची अंगणात, आणि मधे गाडी अडकलेली. पुढेही जाईना, मागेही.

आई काठी टेकत ओट्यावर आली. "लिन, गाडी खाली आली की रस्ता वर आला?"

शेवटी गाडी तिथेच, फुटपाथवर, जॅकवर चढवली. शंकू मांडले, आणि या खेपेला ते खरंच लागले, कारण येणारी-जाणारी प्रत्येक गाडी बघायला थांबत होती. असुन्तानं कॉइलओव्हरवरच्या उंची ठरवणाऱ्या कड्या फिरवून दाखवल्या, त्यानं चारी बाजू चार बोटं वर घेतल्या. सोमवारी गाडी गावातल्या मेकॅनिककडे नेली, चाकं सरळ करून घ्यायला आणि सगळं पुन्हा तपासून घ्यायला. मेकॅनिकनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. किती वेळ लागला, विचारलं. तीन शनिवार, लिंडन म्हणाला. मेकॅनिकनं वाकून चारही चाकांमागे पाहिलं, मग म्हणाला, "नीट बसवलेत पण."

त्या आठवड्यात ॲडलेडची खेप होती. गावाबाहेर पडताच लिंडनच्या लक्षात आलं की गाडी भयंकर कडक झाली आहे. खडा आला तरी दातांत कळायचा. तो मिनिटाला एकदा आईकडे बघत होता. डबा तिच्या मांडीवर होता आणि ती गप्प होती. ती गप्प असली की पोट बिघडायला आलेलं असतं, हा आजवरचा अनुभव.

मग ती म्हणाली, "फाटक."

गाडी रेल्वेच्या रुळांवरून खडखडत गेली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "इथं मागे रस्ता खणून पाइप टाकला होता. पुढे डावीकडे वळण आहे." वळण आलं. "आता क्रिस्टल ब्रूक." क्रिस्टल ब्रूकची पाटी आली. लिंडनला ती दिसली. तिला दिसणं शक्यच नव्हतं.

या रस्त्यांवर तिनं एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तिच्या बुडाला प्रत्येक सांधा पाठ होता. जुन्या शॉकअपवर सगळा रस्ता लापशीसारखा लागायचा, ती म्हणाली, कुठे आहोत तेच कळायचं नाही, आणि कळत नाही म्हणून मळमळायचं. आता कळतंय. स्नोटाउन गेलं, तिनं डब्यातून बिस्किटाचा पुडा काढला. डब्यात बिस्किटं होती.

लिंडननं हात पुढे करून एक बिस्किट घेतलं. आणि फुशारकी मारली. "मुद्दामच कडक ठेवलं मी."

"खोटं बोलू नकोस. तुला मऊ करता येत नाही."

ते खरं होतं. ॲडलेडच्या हॉस्पिटलच्या आवारात त्यानं वाकून पाहिलं. मऊ-कडक करायची चारही बटणं कडकच्या टोकाला होती. मऊचा बाण समजून त्यानं ती उलटी फिरवली होती. फिरवू का आता, त्यानं आईला विचारलं. हात लावलास तर बघ, ती म्हणाली.

डोळे काही सुधारले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी मिळवलं. खेपा चालू आहेत. लिंडनची कंबर धरते, पण क्लबात तो ते सांगत नाही, बाकी सगळं सांगतो. गेल्या खेपेला रेडहिलच्या अलीकडे रस्ता नव्यानं केला होता, अगदी गुळगुळीत. आईनं मांडीवरचा डबा चाचपला. मग जरा घाबऱ्या आवाजात म्हणाली, "लिन, कुठे आहोत आपण?"

सांगता आलं असतं. त्यानं आरशात मागे पाहिलं, मागून कुणी येत नव्हतं. गाडीचा वेग कमी केला आणि डावी चाकं हळूच कडेच्या पांढऱ्या रेषेपलीकडे, तशाच राहिलेल्या जुन्या खडबडीत पट्टीवर घेतली. गाडी थरथरत, खडखडत चालली.

"हां," आई म्हणाली. "आता ब्रॉटन नदीचा पूल येईल."