झाकलेला कोपरा

आपल्या कोलकात्याच्या मंडळातल्या कॅमेरावेड्यांनो, हा कागद फलकावर लावतोय. हसायचं तर पूर्ण वाचून हसा.

चौरंगीच्या दुकानदाराने मला दोन वाइड लेन्स पारखायला दिल्या आहेत, एक मोठी, एक अगदी छोटी. आज सकाळी खिदिरपूरच्या घाटावर नदीकडे पाठ करून शेवटच्या पायरीवर उभा राहिलो आणि दोन्हींनी सहा-सहा फोटो काढले. घाटावर चिटपाखरू नव्हतं.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या खिडकीतून बघतो. मोठी लेन्स त्या खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकते, छोटी काहीच झाकत नाही.

दुपारी घरीच प्रिंट काढल्या. मोठ्या लेन्सच्या सहाही फोटोंत, नेमक्या त्या झाकलेल्या कोपऱ्यात, एक धोतर नेसलेला माणूस माझ्याकडे बघत उभा आहे. छोटीच्या फोटोंत कोणीच नाही.

"छोटीच घेतो," मी म्हणालो.

बायको फोटो वाळत घालत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, तुम्हाला दिसत नाही तिथेच तो उभा राहतो. मग छोटीच्या या सहा वेळा कुठे होता?"

माझ्या मागे तर नुसतं पाणी होतं.

मी मोठी घेतोय. तिच्यात तो निदान समोर तरी असतो. तुम्ही कोणती घेतली असती?